शेवटची ओळ रांगेत लिहिली जाते

माझ्या टेबलाच्या काचेखाली दोन चिठ्ठ्या आहेत. कागद एटीएमच्या पावतीसारखा. उष्णतेने अक्षर उमटतं आणि उष्णतेनेच बिघडतं. म्हणून टेबल खिडकीपासून लांब ओढलंय. दोन्ही चिठ्ठ्या माझ्या भाच्याच्या गाडीच्या, एकाच दिवसाच्या, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एकाच धावपट्टीवरच्या. एक सकाळची, एक दुपारची. मी त्या कवितेसारख्या वाचतो, एकेका ओळीवर थांबून. त्यांच्यात शब्द जवळजवळ नाहीतच, सगळे आकडे. पण आकड्यांनाही लय असते, आणि दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की एका ओळीवर ती लय मोडलेली दिसते.

सकाळची अशी: साठ फूट, २.२८ सेकंद. तीनशे तीस फूट, ६.२५. अष्टमांश मैल, ९.५०. पाव मैल, १४.७०. शेवटचा वेग, ताशी १५३ किलोमीटर.

दुपारची अशी: साठ फूट, २.२७. तीनशे तीस फूट, ६.३१. अष्टमांश मैल, ९.६३. पाव मैल, १४.९९. शेवटचा वेग, १४८.

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीने सरळ रेषेत पाव मैल, ४०२ मीटर, धावायचं. वळण नाही, ब्रेक नाही. आपल्याकडे लोणावळ्यापलीकडच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ भरते, तेव्हा मुंबई-पुण्याची पोरं गाड्या घेऊन घाट चढतात. पामबीच रोडवर रात्री ज्या चोरट्या शर्यती चालतात त्यांच्याशी या खेळाचं नातं नाही. तिथे लोक मरतात. इथे रस्ता बंद, हेल्मेट सक्तीचं, आणि शेवटी हातात ही चिठ्ठी. पुढचा टायर किरणातून बाहेर पडला की घड्याळ सुरू होतं. हिरवा दिवा लागल्यावर चालकाने किती उशीर केला, ती वेळ वेगळी छापतात. धावेच्या वेळेत ती धरत नाहीत. आणि शेवटचा वेग म्हणजे अखेरच्या सहासष्ट फुटांतली सरासरी. चालकाची चूक वेळेत दिसते, वेगात फारशी दिसत नाही. शेवटची ओळ गाडीच्या ताकदीबद्दल सांगते, आणि बरंचसं खरं सांगते.

आता वाचा. पहिल्या ओळीत दुपारची गाडी सकाळपेक्षा एक शतांश सेकंदाने पुढे आहे. तापलेल्या डांबरावर टायर चांगला धरतो, त्याची ही खूण. तीनशे तीस फुटांवर ती सहा शतांशाने मागे पडते. अष्टमांश मैलावर तेरा शतांश. अखेरीला एकोणतीस. अंतर दुपटीने वाढत जातं. चाक घसरलं असतं, गिअर चुकला असता, तर फरक एकाच ओळीत पडला असता आणि पुढे तेवढाच राहिला असता. इथे तो प्रत्येक ओळीत वाढतो आहे. गाडीला वाटभर कुणीतरी मागे ओढत होतं, आणि वेग वाढेल तसं जास्त ओढत होतं.

किती ओढलं, तेही काढता येतं. पाव मैलाच्या शेवटी मिळणारा वेग ताकदीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो, हा ड्रॅगवाल्यांचा जुना ठोकताळा. तो उलटा फिरवायचा. १४८ भागिले १५३, आणि त्याचा घन: ०.९०५. गाडी रिमॅप केलेली ऑक्टेव्हिया, सुमारे २२० अश्वशक्तीची. म्हणजे सकाळ ते दुपार साधारण वीस अश्वशक्ती गेली. गाडी तीच, पेट्रोल तेच, चालक तोच. आणि भाचा शपथेवर सांगतो की बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाचा, काटा दोन्ही वेळा एकाच जागी होता.

मला या चिठ्ठ्यांनी धरलं ते या वाक्याने. मी मोटारवाला नाही. तळवलीत राहून, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या युटिलिटी विभागात तीस वर्षं काढली. बॉयलर, कूलिंग टॉवर आणि एअर कॉम्प्रेसर. काटा बरोबर आणि काम मात्र कमी, ही तक्रार मी आयुष्यभर ऐकली आहे. काटा दाब सांगतो. इंजिनाला दाब खायचा नसतो, हवा खायची असते, म्हणजे वजनाने हवा. दाब तोच ठेवून हवा तापवली की ती फुगते, आणि त्याच सिलिंडरमध्ये कमी मावते. काट्याला यातलं काही दिसत नाही.

आणि दाबली की हवा तापतेच. सायकलच्या पंपाचं बूड हाताला लागलेलं ज्याला आठवतं, त्याला टर्बो अर्धा कळलेला असतो. मे महिन्यातली तळवलीची दुपार धरू: बाहेरची हवा ३५ अंश. टर्बोच्या कॉम्प्रेसरने ती दुप्पट दाबली आणि त्याची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १३१ अंशांवर असते. पाण्याच्या उकळबिंदूच्या वर. ही तशीच इंजिनात घातली तर दुप्पट दाबूनही हवा दीडपटच भरते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर. कॉम्प्रेसरने चढवलेल्या तापापैकी सत्तर टक्के त्याने काढून घेतला तर हवा ६४ अंशांवर येते, आणि भरणा १.८ पटींच्या वर जातो. आमच्या दोन टप्प्यांच्या पिस्टन कॉम्प्रेसरमध्येही पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्ये हेच भांडं असायचं, पाण्याने थंड होणारं. पावसाळ्यात त्याचा ड्रेन उघडला की हवेतून पिळलेलं पाणी भळाभळा यायचं.

भाच्याकडे चिठ्ठ्यांच्या जोडीला लॉगही होता. गाडीच्या ओबीडी पोर्टला जोडलेल्या उपकरणाने दर क्षणाला टिपलेले आकडे, त्यात इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान. चिठ्ठी हे मूळ काव्य धरलं तर लॉग ही त्यावरची टीका. सकाळच्या धावेला हवा ३६ अंशांवर सुरू झाली आणि चढत चढत ५० वर संपली. दुपारची धाव सुरू झाली ६८ वर. दुसऱ्या गिअरमध्ये आकडा ६१ पर्यंत उतरला, पुन्हा वळला आणि शेवटी ७४ वर थांबला.

त्या मधल्या उताराने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. गाडी पूर्ण जोरात असताना हवा गार कशी होईल? उत्तर सेन्सरच्या जागेत आहे. तो ज्या धातूत आणि प्लॅस्टिकमध्ये बसवलेला असतो, ते सगळं रांगेत उभ्या उभ्या तापलेलं. उभ्या गाडीत हवा हलतच नाही म्हटलं तरी चालेल. सेन्सर सांगतो तो त्याच्या स्वतःच्या अंगाचा ताप. गाडी सुटली, वारं धावलं, आणि त्याला पहिल्यांदा खरी हवा लागली. म्हणजे ६८ हा आकडा हवेचा नव्हता, रांगेचा होता. त्यानंतरची ६१ ते ७४ ही चढण मात्र हवेची. सकाळच्या चढणीपेक्षा ती फारशी उभी नाही, पण वीसहून जास्त अंश वरून सुरू झालेली आहे.

५० आणि ७४ या दोन शेवटच्या आकड्यांतला फरक हवेच्या वजनात मांडला तर सात टक्के. उरलेले दोन-अडीच टक्के गेले ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, सावधपणात. गरम हवेत पेट्रोल ठिणगीची ज्वाळा पोचायची वाट न पाहता आपोआप फुटू पाहतं. गॅरेजवाले ज्याला नॉकिंग म्हणतात ते. ते ओळखून ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, ताकद जाते. म्हणून नुसती हवा विरळ झाली एवढंच म्हणून भागत नाही. गरम हवेचा दंड दोनदा भरावा लागतो.

इथपर्यंत मी माझ्याच वाटेने आलो होतो. पुढे मात्र माझा जुना विचार अडला. कारखान्यातला कॉम्प्रेसर चोवीस तास चालतो. तिथे प्रश्न असतो तो दर सेकंदाला किती उष्णता काढता येते याचा, आणि उत्तर असतं मोठा पृष्ठभाग, जास्त पाणी. मी भाच्याला पहिल्यांदा तेच सांगितलं: मोठा इंटरकूलर घाल. मग कागद घेऊन बसलो. दोनशे अश्वशक्तीला सेकंदाला साधारण दीडशे ग्रॅम हवा लागते. तिच्यातून सत्तर अंश काढायचे म्हणजे दहा-साडेदहा किलोवॉट. ही धाव पंधरा सेकंदांची. सगळी मिळून उष्णता होते एकशे साठ किलोज्यूलच्या आसपास.

आता इंटरकूलरकडे पाहा. चार किलो अॅल्युमिनियम धरलं आणि ते तीस अंशांनी तापू दिलं, तर एकशे आठ किलोज्यूल ते स्वतःच्या अंगात जिरवतं. धावेची दोन तृतीयांश उष्णता! त्याला ती बाहेरच्या वाऱ्याला देण्याची घाईच नसते. लांबच्या प्रवासात इंटरकूलर उष्णता एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने वाऱ्याला देतो. पाव मैलाच्या धावेत तो नुसती साठवतो, पाण्याच्या टाकीसारखी. टाकी रिकामी असेल तर पंधरा सेकंदांचं सगळं तिच्यात मावतं. आधीच भरलेली असेल तर ती कितीही मोठी असून काय उपयोग?

आणि दुपारी ती भरली कुठे? रांगेत. पंचवीस मिनिटं गाडी चालू इंजिनाने एकेक गाडीच्या अंतराने सरकत होती. या ऑक्टेव्हियाच्या नाकात एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर यांची चवड असते, एकामागे एक. भाच्याने उकडतंय म्हणून एसी लावला होता. म्हणजे पुढून कंडेन्सरची झळ, मागून रेडिएटरची, मध्ये इंटरकूलर भाजत होता. वारा नव्हताच. हिरवा दिवा लागण्याआधी शेवटच्या ओळीतले पाच किलोमीटर खर्च झालेले होते.

मी हे त्याला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, म्हंजी मी रांगेतच हरलो.”

हीच गोष्ट डोंगरानेही सांगून ठेवली आहे, आणि ती वाचायला मला सगळ्यात जास्त आवडतं. घाटमाथ्यावर हवा गार असते म्हणून गाडी चांगली पळेल, असं सगळे धरून चालतात. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटरवर. तिथे हवेचा दाब सात टक्क्यांनी कमी. इंजिनात तोच दाब पोचवायचा तर टर्बोला हवा जास्त पटींनी दाबावी लागते, आणि जास्त पटींनी दाबली की ती जास्त तापते. तळवलीला ३५ अंशांची हवा कॉम्प्रेसरमधून १३१ ला बाहेर पडत होती. माथ्यावर २५ अंशांची हवा घ्या: ती १२९ ला बाहेर पडते. दहा अंशांचा गारवा, आणि टर्बोच्या तोंडाशी त्यातले दोनच उरले. बाकीचे उंचीने खाल्ले. पण इंटरकूलरवरून जाणारा वारा मात्र खराखुरा २५ अंशांचा असतो, आणि त्यातून निघालेली हवा ५६ अंशांवर येते, तळवलीपेक्षा आठ अंश गार. डोंगराने एका हाताने काढून घेतलेलं बहुतेक सगळं इंटरकूलरच्या पत्र्यावर परत मिळतं. ज्याने तो पत्रा रांगेत तापू दिला, त्याने घाट उगाच चढला.

तो पत्रा रांगेत गार ठेवायला पहिलं सुचतं ते पाणी. पण पाण्याबद्दल मी वर्षानुवर्षं भांडत आलो आहे. नागपूरकर पाहुणा उन्हाळ्यात आमच्याकडे येतो आणि विचारतो, तुम्ही कूलर का लावत नाही? कारण खाडीकाठच्या हवेत पाणी उडायला जागाच नाही. ३४ अंश आणि सत्तर टक्के दमट हवा असेल तर ओल्या फडक्याने फार तर २९ पर्यंत उतरता येतं. माठातलं पाणीही इथे विदर्भाइतकं गार होत नाही. म्हणून इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारण्याला मी आधी नाही म्हटलं. चुकलो. माठ हवेइतकाच गरम असतो. भाजलेला इंटरकूलर साठ अंशांवर असतो. त्याच्यावर पडलेलं पाणी दमट हवेतही उडतं, आणि उडताना किलोमागे बावीसशे किलोज्यूलहून जास्त घेऊन जातं. एकशे आठ किलोज्यूलची भरलेली टाकी रिकामी करायला पन्नास ग्रॅम पाणी, चहाचा अर्धा कप. त्यापेक्षा जास्त वाया जातं, तरी आकडा हाताशी असला की धीर येतो. सुबारूने आपल्या इम्प्रेझा एसटीआयमध्ये यासाठी डॅशबोर्डवर बटणच दिलं होतं. आमचं बटण म्हणजे रोपवाटिकेत मिळणारा हातपंपाचा फवारा.

बर्फाचा हिशेबही तितकाच देखणा आहे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. म्हणजे एका धावेची सगळी उष्णता अर्ध्या किलो बर्फात बसते. दिवाळे गावच्या मासळी बाजारात पापलेटावर पसरतात तो चुऱ्याचा बर्फ, तेवढाच, दोन ओंजळी. पण तो हवेपर्यंत पोचवायचा कसा? शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेल्या या ऑक्टेव्हियात हवा हवेनेच थंड होते. बर्फ ठेवायला सोयीची जागा नाही, पाईपांना आणि मॅनिफोल्डला ओल्या फडक्यातून शेक द्यायचा एवढंच. चाकणला तयार झालेल्या पोलो जीटी टीएसआयची गोष्ट वेगळी. २०१३ मध्ये ती आली तेव्हा तिच्या १.२ लिटरच्या इंजिनात इंटरकूलर थेट इनटेक मॅनिफोल्डच्या पोटात होता, पाण्याने थंड होणारा, स्वतःच्या वेगळ्या पंपासकट. आमच्या कॉम्प्रेसरच्या भांड्याचंच लेकरू. अशा व्यवस्थेत ड्रॅगवाले मधे एक टाकी बसवतात आणि तिच्यात बर्फ भरतात. रस्त्यावर रोज चालवायला हे निरुपयोगी, तासाभरात बर्फाचं कोमट पाणी. पंधरा सेकंदांसाठी मात्र याहून चोख उपाय मला सुचत नाही. महाराष्ट्रातल्या दोन कारखान्यांतल्या दोन गाड्या, एकाच दुखण्यावर दोन वेगळे स्वभाव.

जग या दुखण्याशी फार आधीपासून झगडतं आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने एक्झॉस्टच्या धुरावर फिरणाऱ्या टर्बोचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरला इंटरकूलर नव्हता. तिला पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती, ते हवेत फवारून नॉकिंग आवरायचे. मालक टाकी भरायला विसरत, आणि गाडी मुकाट्याने बूस्ट कमी करी. पोर्शाने ९११ टर्बोला इंटरकूलर दिला तो १९७८ मध्ये, इंजिन ३.३ लिटरचं केलं तेव्हा. आणि २०१८ च्या डॉज डेमनने माझ्या भाच्याचा एसी नेमका उलटा केला: गाडी ड्रॅगच्या तयारीत असली की एसीचा गारवा चालकाला न देता इंटरकूलरच्या पाण्याला द्यायचा. ती गाडी टर्बोची नाही, सुपरचार्जरची. पण दुखणं तेच. ज्याने कुणी हे सुचवलं त्याला रांग समजली होती.

सकाळची चिठ्ठी मी आता पुन्हा पाहतो तेव्हा तिच्यातला नीटनेटकेपणा जाणवतो. ३६ ते ५०, चौदा अंशांची चढण. टाकी रिकामी होती, धावेबरोबर भरत गेली, आणि गाडी रेषेपार जाईपर्यंत ओसंडली नाही. त्यात भाच्याचं कसब काही नव्हतं. सकाळी रांग छोटी होती आणि ऊन कोवळं होतं. तरी १५३ हा आकडा वाचताना मला तो सगळा गारवा हाताला लागल्यासारखा होतो. चांगल्या ओळीत न लिहिलेलंही असतं, तसा.

पुढच्या वेळी मीही बरोबर गेलो. घाट चढताना थर्मोकोलच्या पेटीत बर्फ होता, वर मोसंब्या. दुपारी रांग पुन्हा लांबच लांब. भाच्याने इंजिन बंद केलं, एसी तर सकाळपासून बंदच होता, बॉनेट उघडं टाकलं. समोरची गाडी सरकली की तो दार उघडून खांदा लावायचा आणि मी मागून ढकलायचो. दोघेही घामाने निथळत होतो. थांबलं की तो जाळीतून फवारा मारायचा, मी पाईपांवरची फडकी बदलायचो. शेजारच्या रांगेतल्या एका पोराने विचारलं, गाडी बंद पडली का? भाचा म्हणाला, नाय, गार करतोय.

पुढे दोनच गाड्या उरल्या तेव्हा मी फडकी काढली, सगळं पाणी पुसलं. टायरखाली एक थेंबही जायला नको होता. इंटरकूलरकडून वर येणाऱ्या पाईपावर तळहात ठेवला. कारखान्यात भांड्याला हात लावून तापमान सांगायची सवय, ती गेलेली नाही. पाईप हाताला गार लागला.

मी मान हलवली. त्याने बॉनेट लावलं.